‘आघात’ : एका विस्मृत चित्रपटाची कुळकथा

चित्रपटाच्या वाट्याला येणारी कीर्ती त्याच्या गुणांच्या प्रमाणातच येते असे नाही. दिग्दर्शक गोविंद निहलानी आणि पटकथाकार विजय तेंडुलकर या जोडीचे ‘आक्रोश’ (१९८०) व ‘अर्धसत्य’ (१९८३) हे दोन हिंदी चित्रपट सुशिक्षित घरांतून आजही नावानिशी ओळखले जातात. ‘आक्रोश’मधील लहान्या भिकूचे मौन आणि ‘अर्धसत्य’मधील फौजदार वेलणकराची घुसमट यांच्यावर पुष्कळ लिहिले, बोलले गेले आहे. त्याच जोडीने १९८५ साली पडद्यावर आणलेला ‘आघात’ मात्र जाणकारांच्या बैठकीतही क्वचितच निघतो. तो निघालाच, तर ‘संघटनांच्या भांडणाचा चित्रपट’ एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. वास्तविक पाहता चळवळीला वाहून घेतलेल्या माणसाचा भ्रमनिरास कोणत्या क्रमाने होतो, हे इतक्या कोरड्या, निर्विकार दृष्टीने दाखविणारे चित्रपट आपल्याकडे फार थोडे आहेत. शिवाय या चित्रपटाला एक कुळकथा आहे आणि ती मुंबईच्या पूर्व उपनगरांत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात घडलेली आहे. ती ठाऊक नसेल तर ‘आघात’ अर्धाच समजतो.

कथानक थोडक्यात असे. एका मोठ्या कारखान्यात माधव वर्मा या निष्ठावंत पुढाऱ्याची कामगार संघटना आधीपासून नांदत आहे. ही भूमिका ओम पुरी यांनी केली आहे. माधव प्रामाणिक आहे, अभ्यासू आहे, कायद्याचा जाणकार आहे. कामगारांचे हित एका दिवसात साधत नसते, ते शिस्तीने आणि संघटित धीराने साधावे लागते, अशी त्याची धारणा आहे. याच कारखान्यात रुस्तम पटेल नावाच्या दुसऱ्या पुढाऱ्याची संघटना पाय रोवू पाहते. पटेलच्या वतीने कारखान्यातील सारा व्यवहार कृष्णन राजू हा त्याचा हस्तक पाहतो. पंकज कपूर यांनी हा इसम असा उभा केला आहे की, त्याच्या हसण्याचीसुद्धा धास्ती वाटावी. अशा स्थितीत छोटेलाल या कामगाराला यंत्रावर गंभीर अपघात होतो. मल्याळी नट गोपी यांनी हा छोटेलाल रंगविला आहे. त्याला भरपाई किती मिळावी, कोणी मिळवून द्यावी आणि केव्हा, हा प्रश्न उभा राहतो. आणि जखमी माणूस बाजूला राहून त्याच्या जखमेवर दोन संघटनांची झुंज लागते. माधव नियमाने जाऊ पाहतो. दुसरा पक्ष दंड थोपटून उभा राहतो. कामगारांचे पाय हळूहळू कोणत्या दिशेने वळतात, हे माधवला दिसत असते. दिसते आणि थांबविता येत नाही, हाच त्याला बसलेला आघात होय.

यात खलनायक कोण, असा प्रश्न सामान्य प्रेक्षक साहजिकच विचारतो. रुस्तम पटेल, असे उत्तर द्यावे तर हा रुस्तम पटेल बहुतेक चित्रपटभर दिसतच नाही. त्याचे नाव ऐकू येते, त्याचा दरारा जाणवतो, त्याच्या नावाने घोषणा होतात. परंतु नसीरुद्दीन शहा यांनी केलेली ही भूमिका प्रत्यक्षात अगदी छोटी आहे. आदल्याच वर्षी, १९८४ साली, निहलानी यांनी महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून ‘पार्टी’ हा चित्रपट केला होता. त्यातही अमृत नावाचा एक कवी आहे. शहरातील साहित्यिकांची मैफल सोडून तो आदिवासींच्या लढ्यात गेलेला आहे. सारे जण रात्रभर त्याच्याविषयी बोलतात, तो मात्र दृष्टीस पडत नाही, आणि पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ही भूमिकाही शहा यांचीच. लागोपाठच्या दोन चित्रपटांत एकाच नटाला असे आडपडद्यात ठेवावे, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. एकात न दिसणारा माणूस सर्वांच्या सदसद्विवेकाला टोचतो, तर दुसऱ्यात न दिसणारा माणूस सर्वांना धाकात ठेवतो. जहाल चळवळीची ही दोन रूपे निहलानी यांनी एका मागोमाग एक तपासली, असे म्हणावयास हरकत नाही.

तेंडुलकरांच्या बाजूने पाहिले तरी ‘आघात’ आकस्मिक नव्हे. १९७३ ते १९७५ या काळात नेहरू शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी देशातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. त्या भ्रमंतीतून जी दृष्टी त्यांना लाभली, ती पुढच्या बहुतेक पटकथांत उतरली. हिंसा ही दुष्ट माणसाच्या मनात उगवते असे ते मानीत नाहीत. व्यवस्थेच्या सांध्यांत जिथे घर्षण होते तिथे ती ठिणगीसारखी उडते, असे त्यांचे सांगणे. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) त्यांनी कामगार पुढारी रंगविलेला होताच. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांतून आलेला तो डिकास्टा. परंतु तेथे संप हे सत्तेच्या सारीपाटावरचे एक प्यादे होते. सहा वर्षांनी ‘आघात’मध्ये तेंडुलकर मंत्रालयातून खाली उतरून थेट कारखान्याच्या दारात आले.

आता हा सांधा कोणता, ते पाहिले पाहिजे. सुशिक्षित कुटुंबांत संपाच्या बातम्या वाचल्या जातात, पण एका कारखान्यात दोन संघटना असल्या की, त्या मालकाशी भांडण्याऐवजी एकमेकींशी का भांडतात, हे सहसा उमगत नाही. त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावात जितके आहे, त्याहून अधिक कायद्याच्या पुस्तकात आहे.

१९२६ च्या कायद्याने कामगारांना संघटना नोंदविण्याचा अधिकार दिला. त्या वेळी अवघ्या सात माणसांनी अर्ज केला तरी संघटना नोंदली जाई. परंतु नोंदलेल्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्यात नव्हते. परिणामी एका कारखान्यात चार संघटना असू शकत आणि मालक चौघींनाही वाटाण्याच्या अक्षता लावू शकत असे. यावर उपाय म्हणून मुंबई प्रांतात १९४६ साली औद्योगिक संबंधांचा कायदा झाला. कापड गिरण्यांसारख्या उद्योगांत एकाच ‘प्रातिनिधिक’ संघटनेला सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क त्याने दिला. गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. उपनगरांतील यंत्रे, औषधे, टायर, मोटारी बनविणाऱ्या कारखान्यांना हा कायदा लागू नव्हता. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता देण्याचा व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा कायदा केला. तो १९७५ च्या सप्टेंबरात अमलात आला. ‘आघात’ ज्या हवेत श्वास घेतो, ती या कायद्याची हवा आहे.

त्याची रीत अशी. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात ज्या संघटनेचे सभासद सलग सहा महिने किमान ३० टक्के असतील, तिने औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेसाठी अर्ज करावा. मान्यता मिळाली की, पगारवाढ, बोनस, कामाचे तास अशा सर्व सामुदायिक प्रश्नांवर करार करण्याचा अधिकार तिचा. तिने केलेला करार तिच्या सभासद नसलेल्या कामगारांनाही बांधतो. दुसऱ्या संघटनेच्या हाती उरते ती एखाद्या सभासदाच्या बडतर्फीची किंवा निलंबनाची तक्रार मांडण्याची मुभा, बस्स एवढीच. आणि कोणाचे सभासद किती, हे ठरवावयाचे गुप्त मतदानाने नव्हे, तर वर्गणीच्या पावत्या व सभासद नोंदींच्या तपासणीने. जेथे पावतीवर सत्ता अवलंबून असते तेथे पावती फाडण्याची स्पर्धा लागणारच. दोन्ही संघटनांची वर्गणी भरून दोन्ही पावत्या खिशात बाळगणारा कामगार हा त्या काळी लबाड समजला जाई. वस्तुतः दोन डगरींवर पाय ठेवल्याशिवाय त्याला कारखान्यात सुखाने उभे राहता येत नव्हते.

येथपर्यंत मान्यतेचे फायदेच दिसतात. तिच्या पायातील बेडी पुढेच आहे. या कायद्यानुसार संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. मान्यताप्राप्त संघटनेला संपासाठी आपल्या बहुसंख्य सभासदांचे मत घ्यावे लागते. कामाची गती मुद्दाम मंदावणे, काम संपल्यावरही ठाण मांडून बसणे, व्यवस्थापकाला घेराव घालणे या गोष्टी संघटनेच्या बाजूने अनुचित ठरतात. आणि बेकायदा संप पुकारला तर मान्यताच रद्द होऊ शकते. म्हणजे ज्याच्या हाती काही आहे त्यालाच गमावण्याची भीती आहे. ज्याला मान्यता नाही त्याला गमावण्यासारखे काहीच नाही. पहिला पुढारी समेट अधिकाऱ्यापुढे तारखा घेत बसतो, प्रकरण लवादाकडे जाते आणि तेथे वर्षे लोटतात. दुसरा पुढारी दारात सभा घेऊन विचारतो, तुमच्या संघटनेने या वर्षात काय मिळविले? या प्रश्नाला उत्तर नसते. असले तरी ते लांबलचक असते आणि कारखान्याच्या भोंग्यानंतर, गाडी गाठण्याच्या घाईत, लांबलचक उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

माधव वर्माची सावधगिरी पाहून त्याला भित्रा किंवा मालकधार्जिणा म्हणणारे प्रेक्षक असतात. त्यांनी ही बेडी ध्यानात घेतलेली नसते. माधवच्या मनाचा कल सनदशीर आहे हे खरेच. पण तो नसता तरी त्याच्या जागेवर बसलेल्या माणसाला फार वेगळे वागता आले नसते. चित्रपटाचे मर्म येथे आहे. माणूस आपल्या तत्त्वांमुळे हरतो की, तत्त्वांना जे अधिकृत आसन मिळाले त्यामुळे हरतो? चित्रपट पाहता पाहता पहिले उत्तर मागे पडते आणि दुसरे पुढे येऊ लागते.

१९८५ साली रुस्तम पटेलचे नाव ऐकताच मुंबईच्या प्रेक्षकाला एका खऱ्या पुढाऱ्याची आठवण होणे अपरिहार्य होते. ते म्हणजे डॉ. दत्ता सामंत. पडद्यावरचे पात्र म्हणजे सामंतांचे चित्र नव्हे आणि तसे मानणे अन्यायाचे होईल. पण ज्या पद्धतीची चळवळ चित्रपटात येते, ती पद्धत मुंबईत त्यांच्याच नावाने ओळखली जात होती, हे नाकारता येत नाही.

सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्यांनी घाटकोपरच्या पंतनगर भागात दवाखाना घातला. साठीच्या दशकातील घाटकोपर आजच्यासारखे नव्हते. भोवतालच्या टेकड्यांत दगडाच्या खाणी चालत आणि सुरुंगाने व घणाने जखमी झालेले मजूर दवाखान्यात येत. हात चेचलेला, डोळ्यात कपची गेलेला, धुळीने छाती भरलेला असा हा रोगी. त्याला मलमपट्टी केली तरी उद्या तो पुन्हा त्याच खाणीत जाणार, हे डॉक्टरला दिसत होते. सामंत मजुरांच्या चळवळीत उतरले ते या वाटेने. कोणत्याही पक्षाच्या अभ्यासवर्गातून नव्हे. त्यांच्या पुढील साऱ्या वर्तनाची किल्ली बहुधा येथेच असावी. जुन्या डाव्या पुढाऱ्यांनी आधी सिद्धांत वाचला आणि मग कामगार पाहिला. सामंतांनी आधी जखम पाहिली. वैद्याला रोग्याच्या वेदनेचा इतिहास जाणून घ्यावयाचा असतो, परंतु मालकाचा ताळेबंद जाणून घेण्याची गरज त्याला वाटत नाही. पुढे वाटाघाटीत कंपनीच्या नफ्यातोट्याचे आकडे समोर ठेवले गेले की ते बाजूला सारीत, अशी त्यांची ख्याती झाली. कंपनीला काय परवडते यापेक्षा कामगाराला काय लागते, एवढाच प्रश्न ते विचारीत.

खाणींतून ही चळवळ कारखान्यांत गेली. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड अशी मध्य रेल्वेची स्थानके आणि त्यांना समांतर जाणारा जुना आग्रा रोड, ज्याला पुढे लाल बहादुर शास्त्री मार्ग म्हणू लागले, या दोहोंच्या आधाराने स्वातंत्र्यानंतर कारखान्यांची ओळ उभी राहिली होती. पश्चिमेकडे अंधेरीला मरोळच्या वसाहतीत तसाच पसारा वाढत होता. गिरणगावापेक्षा येथील कामगार निराळा होता. तो अधिक शिकलेला, तंत्रज्ञ, बऱ्या पगाराचा आणि म्हणूनच अधिक अपेक्षा बाळगणारा होता. त्याला दांडगा बोनस मिळवून देणारा पुढारी हवा होता. १९७२ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील तंट्याला हिंसक वळण लागले आणि सामंतांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच साली ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून मुलुंडमधून विधानसभेवर निवडून आले. सत्ताधारी पक्षाचा आमदार आणि संपाचा पुढारी अशा दोन भूमिका एकाच अंगावर घेणारा हा विचित्र प्रकार होता. आणीबाणीत त्यांच्या पक्षाच्याच सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. १९७७ साली ते सुटले तेव्हा कामगारांच्या दृष्टीने त्यांचे वजन दुणावले होते. त्यानंतरच्या चारपाच वर्षांत एकामागून एका कारखान्यातील जुनी संघटना सोडून कामगार त्यांच्याकडे गेले. ज्या संघटना सोडल्या गेल्या, त्यांच्यातही माधव वर्मासारखे पुष्कळ जण असतील. वीस वीस वर्षे खपलेली, सभेच्या नोटिसा स्वतः चिकटविलेली, घरी मुलांच्या शाळेच्या फीची विवंचना असलेली ही माणसे. त्यांच्याविषयी वृत्तपत्रांतून काही छापून आले नाही. ‘आघात’ने त्यांच्यापैकी एकाला नायक केले, हे या चित्रपटाचे मोठे ऋण मानावयास हवे.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतुष्ट झालेले गिरणी कामगार घाटकोपरला सामंतांच्या दारी गेले. तुम्हीच आमचे पुढारी व्हा, असा त्यांचा आग्रह होता. गिरण्यांचा कायदा निराळा, प्रातिनिधिक संघ निराळा, धंदा डबघाईला आलेला. उपनगरी कारखान्यांतील डावपेच तेथे चालणे कठीण, याची जाणीव त्यांना नसेल असे नाही. तरीही १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगारवाढीच्या मागणीइतकीच मोठी मागणी होती ती १९४६ चा कायदा रद्द करण्याची, म्हणजे आपला प्रतिनिधी आपण निवडण्याच्या हक्काची. सरकारने व मालकांनी सामंतांशी बोलण्यास नकार दिला. कायद्याने बोलावयाचे ते मजदूर संघाशी, हा त्यांचा मुद्दा. वर्ष उलटले, दुसरेही उलटले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. हजारो कुटुंबांची वाताहत झाली. कोणी गावी गेले, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी कोणी भलत्याच मार्गाला लागले.

‘आघात’ या पडझडीनंतर आलेला चित्रपट आहे, हे विसरता कामा नये. त्यात पटेलच्या चळवळीविषयी जी भीती आहे, तिच्या मुळाशी ही ताजी जखम असावी. परंतु येथेच चित्रपटाच्या एका उणिवेकडे बोट दाखवावे लागते. संप बुडाल्यावर कामगारांचा आपल्या पुढाऱ्यावरील विश्वास उडाला असता, तर ते तर्काला धरून झाले असते. घडले उलटेच. १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची प्रचंड लाट असताना, दत्ता सामंत अपक्ष उभे राहून दक्षिण-मध्य मुंबईतून, म्हणजे त्याच गिरणगावच्या मतांवर, लोकसभेत निवडून गेले. ज्याच्या मागे जाऊन संसार उद्ध्वस्त झाला त्यालाच माणसे मत का देतात? दडपशाही, पैसा, भूल या कारणांनी या प्रश्नाचे समाधान होत नाही. आपल्या बाजूने कोणी तरी एकदा न वाकता उभा राहिला, ही गोष्ट कामगाराला पगाराच्या आकड्याइतकीच मोलाची वाटली असावी. ‘आघात’मध्ये कामगारांचा समुदाय पटेलकडे सरकतो तो धाक आणि लालूच यांच्यामुळे. या तिसऱ्या कारणाला तेथे पुरेशी जागा मिळत नाही. निहलानींचा कॅमेरा माधवच्या चेहऱ्यापाशी जितका रेंगाळतो तितका कामगारांच्या गर्दीपाशी रेंगाळत नाही. सुशिक्षित मध्यमवर्गाने केलेल्या चित्रपटाला सुशिक्षित मध्यमवर्गीय पुढाऱ्याचे दुःख जवळचे वाटावे हे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे चित्र थोडे एका अंगावर कलते.

ही उणीव छोटेलालच्या कथेने मात्र बरीच भरून निघते. कामगाराच्या अपघाताची भरपाई हा विषय प्रेक्षकाला रूक्ष वाटेल, परंतु तेंडुलकरांनी झुंजीचे निमित्त म्हणून तो निवडला यात त्यांचे चातुर्य आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याप्रमाणे कामावर असताना झालेल्या इजेबद्दल मालकाने पैसे द्यावयाचे. ज्या कारखान्यांत राज्य विमा योजना लागू आहे तेथे ठरावीक पगारापर्यंतच्या कामगाराला हा लाभ विमा महामंडळाकडून मिळतो आणि उपचार मुलुंड किंवा अंधेरी येथील विमा रुग्णालयांसारख्या ठिकाणी होतात. १९२३ च्या कायद्यात एक खाच होती. कामगाराने सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडला, यंत्रावरील संरक्षक साधन मुद्दाम काढले किंवा तो मद्याच्या अमलाखाली होता असे सिद्ध झाले आणि अपघात थेट त्यामुळेच घडला, तर भरपाई नाकारता येई. अपवाद फक्त मृत्यूचा. म्हणजे कामगार मेला तर वारसांना पैसे, आणि कायमचा पंगू होऊन जगला तर त्याच्याच चुकीचा पुरावा शोधला जावयाचा. ही तरतूद पुढे १९९५ साली दुरुस्त झाली आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वालाही त्या अपवादात स्थान मिळाले. ‘आघात’ निघाला तेव्हा जुनाच नियम चालू होता. यंत्राचे कवच कोणी काढले, का काढले, उत्पादनाची घाई कोणी लावली, हे प्रश्न असे असतात की, त्यांची उत्तरे साक्षीवर अवलंबून असतात. साक्ष देणारे सहकारी दोन संघटनांत वाटले गेले, म्हणजे सत्यही दोन संघटनांत वाटले जाते.

खाटेवर पडलेल्या छोटेलालकडे दोन्ही बाजूंची माणसे येतात, त्यांच्या येण्यात कळवळाही असतो आणि हिशेबही असतो. गोपी यांनी हे सारे अगदी थोड्या शब्दांत, बव्हंशी डोळ्यांनी सांगितले आहे. ‘आक्रोश’मध्ये मौनाचा भार ज्यांनी वाहिला, ते ओम पुरी येथे बोलणाऱ्या, समजावणाऱ्या, युक्तिवाद करणाऱ्या माणसाच्या भूमिकेत आहेत आणि मौन दुसऱ्याकडे गेले आहे. बोलणाऱ्याच्या हाती काही नाही, हे प्रेक्षकाला हळूहळू जाणवू लागते. या दोघांच्या समोरासमोर येण्यात चित्रपटातील उत्कृष्ट क्षण आहेत. उलट मालकवर्गाचे चित्रण ठोकळेबाज झाले आहे, हे कबूल करावे लागेल. दोन संघटना झुंजत असता व्यवस्थापन काय विचार करीत असते, हे अधिक बारकाईने यावयास हवे होते, कारण ३० टक्क्यांच्या त्या गणितात कोणत्या संघटनेला गुपचूप हात द्यावयाचा, हे ठरविणारी तिसरी बाजू तीच असते.

पुढची हकीकत चित्रपटात नाही, पण ती त्याच्याशीच निगडित आहे. नव्वदीच्या दशकात मध्य रेल्वेकाठचे कारखाने एकेक करून आवरते घेऊ लागले. जमिनीचा भाव यंत्राच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाला, आणि जेथे सामंतांच्या सभा गाजल्या त्या दारांवर कुलपे पडू लागली. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईतील घराजवळच दत्ता सामंत यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी गिरणी संपानंतरच्या एका कुटुंबाच्या वाताहतीवरील जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक मराठी रंगभूमीवर आले. पुढे २०१० साली महेश मांजरेकर यांनी त्यावरून ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला. गिरणगावाला अशा रीतीने आपले शोकगीत मिळाले. उपनगरी कारखान्यांतील कामगाराला ते मिळाले नाही. त्याच्या वाट्याला ‘आघात’ एवढा एकच चित्रपट आला, आणि तोही त्याच्यापेक्षा त्याच्या पुढाऱ्याविषयी अधिक बोलणारा.

कुर्ल्याला ज्या जागी प्रीमियर कंपनीच्या मोटारी तयार होत, तेथे आज कोहिनूर सिटी नावाची वसाहत आहे. शास्त्री मार्गावर घाटकोपरहून मुलुंडला जाताना दोन्ही अंगांना दुकानांचे भव्य मॉल आणि उंच इमारती दिसतात. त्यांत काम करणारी बरीच माणसे कंत्राटावर आहेत. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीच्या हक्कासाठी ५१ टक्क्यांची अट घातली आहे. तितके सभासद कोणत्याच संघटनेचे नसतील तर किमान २० टक्के सभासद असणाऱ्या संघटनांची मिळून परिषद नेमावयाची. हे टक्के मोजावयाचे ते आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगारांतून.